विखुरलेल्या नोंदी एका जागी आणायला सात महिने लागले, त्याची हकिकत

मे २०२५ मधली गोष्ट. मी अनुवादाची कामं करते, आणि तेव्हा एका संमतीपत्राचं काम हातात होतं. ‘संमती’ कुठे वापरायचं आणि ‘परवानगी’ कुठे, यावर दोनेक वर्षांपूर्वी मी भरपूर खल केला होता, चार ठिकाणी वाचलं होतं आणि शेवटी एक छोटी नोंद लिहून ठेवली होती, हे पक्कं आठवत होतं. फक्त कुठे लिहिली तेवढं आठवेना. फोनमधलं नोट्सचं ॲप बघितलं, स्वतःलाच पाठवलेले मेल बघितले, व्हॉट्सॲपवर स्वतःशीच करते ते चॅट वरपर्यंत सरकवून बघितलं, ब्राउझरचे बुकमार्क बघितले. दीड तास गेला. नोंद मिळाली नाही आणि तोच विचार पुन्हा पहिल्यापासून करायला लागला. त्या रात्री खरंच वाईट वाटलं, कारण कष्ट केले होते आणि ते आपल्याच घरात हरवले होते.

त्याच महिन्यात, २२ मे ला, पॉकेट ही लिंका साठवायची सेवा बंद होणार असं जाहीर झालं. मी लिंका तिथे ठेवत होते. ८ जुलै ही तारीख आधी कळवली होती, एक्स्पोर्टसाठी, म्हणजे आपला साठा उतरवून घ्यायला, पुढे आणखी मुदत दिली होती, त्यामुळे तक्रार काही नाही. पण आवडत्या साइटवरचं नवीन लिखाण एका जागी वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हाही मी अशीच धावपळ केली होती, मग हे किती वेळा करायचं असा विचार आला आणि ठरवलं की आता स्वतःपुरतं काहीतरी बनवायचं, स्वतःच्या मशीनवर, साध्या फायलींमध्ये, जे कोणी बंद केलं तरी बंद होणार नाही.

मला प्रोग्रामिंग थोडंफार येतं, म्हणजे पायथनमध्ये फाइल उघडून त्यातून हवं ते काढणं एवढं. तुम्हालाही एवढंच येत असेल तर पुरेसं आहे, आणि येत नसेल तर पहिला अर्धा भाग, म्हणजे सगळं मागवून घेऊन सांभाळून ठेवणं, तरी नक्की करा, त्याला काहीच येण्याची गरज नाही.

जूनचा पहिला आठवडा नुसती यादी करण्यात गेला. माझं लिहिलेलं, ठेवलेलं, बघितलेलं काय काय कुठे कुठे आहे? नऊ ठिकाणं निघाली. कागदावर लिहिलं, प्रत्येकासमोर ‘एक्स्पोर्ट कुठून’, ‘मागवला कधी’, ‘आला कधी’ असे तीन रकाने. हा कागद फार उपयोगी पडला, कारण प्रत्येक ठिकाणची वाट वेगळी असते आणि आठवड्याभरात आपण विसरतो. बहुतेक मोठ्या साइटवर ‘तुमचा डेटा डाउनलोड करा’ असं बटण सेटिंगमध्ये कुठेतरी खोल असतं. युरोपचा जीडीपीआर हा डेटा-संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच्या २० व्या कलमात आपला डेटा मशीनला वाचता येईल अशा रूपात परत मिळण्याचा हक्क आहे, तेव्हापासून हे बटण बऱ्याच ठिकाणी दिसायला लागलं. बटणं जगात सगळ्यांना सारखीच मिळतात असं नाही, पण शोधून तरी बघावं.

७ जूनला गूगल टेकआउटमधून, म्हणजे गूगलकडचा आपला डेटा मागवायच्या सोयीतून, मागवलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, माय ॲक्टिव्हिटी (गूगलवर केलेले सर्च वगैरेची नोंद) आणि यूट्यूब हिस्टरी तुम्ही काही बदललं नाही तर एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या रूपात येते. वाचायला ती बरी, पण पुढे त्यातून काही काढायचं असेल तर मागवतानाच ‘जेसन’ हे प्रोग्रामला वाचायला सोपं रूप निवडा. मी पहिल्यांदा निवडलं नाही, म्हणून दोनदा मागवावं लागलं. दुसऱ्यांदा मेल दोन दिवसांनी आला आणि मी कामाच्या गडबडीत तो ‘नंतर बघू’ म्हणून ठेवला, नवव्या दिवशी उघडला तर लिंकची मुदत संपलेली, कारण ती साधारण आठवडाभरच चालते. म्हणजे तिसऱ्यांदा. तेव्हापासून नियम केला की मेल आला की त्याच दिवशी उतरवून घ्यायचं, झिप उघडून आत खरंच फायली आहेत ना ते बघायचं, आणि मगच कागदावर खूण करायची.

बाकीच्यांपैकी एका सोशल मीडिया साइटने चार दिवस घेतले, एका ठिकाणाहून एकवीस दिवसांनी आलं आणि एका छोट्या सेवेकडे बटणच नव्हतं, तिथे मेल लिहावा लागला, दोन स्मरणपत्रं पाठवावी लागली, शेवटी त्यांनी एक सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी फाइल, पाठवली. ब्राउझरच्या हिस्टरीचं तर उशिराच कळलं. क्रोम मशीनवर साधारण ९० दिवसांचीच हिस्टरी ठेवतं, जुनी आपोआप जाते. त्यामुळे ज्यांना ती हवी आहे त्यांनी आज रात्रीच हिस्टरीच्या फाइलची कॉपी करून ठेवा. ब्राउझर बंद करून कॉपी करा, चालू असताना फाइल कुलूपबंद असते.

जुलै महिना साफसफाईत गेला आणि मनस्ताप झाला तो इथेच. एका साइटच्या जेसनमध्ये माझं सगळं मराठी लिखाण कचरा होऊन आलं होतं. प्रत्येक अक्षराच्या जागी तीन तीन चिन्हं, त्यातलं पहिलं कायम डोक्यावर तिरकी रेघ असलेलं एक रोमन अक्षर. दहा वर्षांच्या पोस्ट! पोटात गोळाच आला. मग दोन दिवस वाचून कळलं की काहीही हरवलेलं नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं, आणि तिथे प्रत्येक बाइट हे एक स्वतंत्र अक्षर समजून लिहिला गेला होता. तो मजकूर लॅटिन-१ म्हणून, म्हणजे एका अक्षराला एक बाइट या जुन्या पद्धतीने, एन्कोड करायचा आणि यूटीएफ-८ म्हणून परत डिकोड करायचा, पायथनमध्ये ही एका ओळीची गोष्ट आहे. ती ओळ चालवली आणि पडद्यावर माझंच २०१४ चं मराठी वाक्य धडधडीत उमटलं, त्या क्षणाचा आनंद काय सांगू.

दुसरी भानगड वेळेची. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. कोणी १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद देतं, कोणी त्याचेच मायक्रोसेकंद, आणि क्रोमच्या हिस्टरीच्या फाइलमध्ये १ जानेवारी १६०१ पासूनचे मायक्रोसेकंद असतात. हे माहीत नव्हतं तोवर माझ्या तक्त्यात मी काही पानं २३९४ साली वाचलेली दिसत होती. असा आकडा दिसला की चूक लगेच कळते. न दिसणारी चूक जास्त त्रास देते. बहुतेक एक्स्पोर्टमधली वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असते आणि ती स्थानिक वेळेत बदलून घेतली नाही तर मध्यरात्रीनंतरच्या नोंदी आदल्या दिवसात जाऊन बसतात. मला हे कळलं ते एका रात्रीमुळे. बाबांच्या शेवटच्या आजारपणातली ती रात्र मला तारखेसकट पाठ आहे. पहाटे पावणेतीनला मी फोनवर एकामागून एक लक्षणं शोधत बसले होते. फाइलमध्ये ते सगळे सर्च होते, पण आदल्या दिवसाच्या तारखेखाली. सुरुवातीला वाटलं माझीच आठवण चुकतेय. मग इतर नोंदी ताडून बघितल्या आणि लक्षात आलं की आठवण बरोबर आहे, घड्याळ सरकलंय. म्हणून सांगते, तुम्हाला नक्की माहीत असलेल्या दोन-तीन तारखा घ्या आणि त्या नोंदी बरोबर दिवशी पडतात का ते आधी बघा.

ऑगस्टमध्ये सगळं एका एसक्यूलाइट फाइलमध्ये गेलं. एसक्यूलाइट निवडलं कारण सगळा डेटाबेस ही एकच फाइल असते, कॉपी केली की बॅकअप झाला, सर्व्हर वगैरे काही लागत नाही. नऊ ठिकाणचं सगळं मिळून एक्स्पोर्ट ११ जीबी होते, त्यातले फोटो-व्हिडिओ बाजूला ठेवल्यावर मजकुराची फाइल ३४० एमबीची झाली. मूळ झिप मात्र फेकू नका. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून भरलं असं चार वेळा झालं, दर वेळी मूळ झिप होत्या म्हणूनच जमलं.

मग मी एक मोठी यादी केली, नवीन वर, जुनं खाली, सगळं तारखेने. आणि ती बघवेना. माझ्या स्वतःच्या नोंदी ३,१०० आणि बघितलेले व्हिडिओ, केलेले सर्च, उघडलेली पानं मिळून ६१,००० च्या वर. एका नोंदीपर्यंत पोचायला वीस फालतू ओळी ओलांडायच्या. त्यावर मी टॅग लावायला घेतले, तीन आठवड्यांत ६४ टॅग झाले आणि ‘भाषा’, ‘शब्द’, ‘अनुवाद’ यातला कुठला कशाला लावायचा हे मलाच ठरवता येईना. ताईला दाखवलं, तिने शांतपणे सगळं बघितलं आणि विचारलं, “अगं, जमवलंस छान, पण यातलं परत उघडून बघणार कधी? आणि उघडलंस तर काय बघायला उघडशील?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तीन महिने फक्त आत कसं घ्यायचं याचाच विचार केला होता, बाहेर कसं यायचं याचा केलाच नव्हता.

तो महिना तिथेच सोडला. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. कागदावर लिहिलं की मी परत कधी येते? एक, काहीतरी नेमकं शोधायला. दोन, सकाळी चहाआधी पाच मिनिटं, नुसतंच. तीन, एखाद्या कामाला सुरुवात करताना, आधी यावर काय वाचलंय ते बघायला. एवढंच. चौथं कारण सापडलं नाही. मग या तिन्हीला जे लागत नाही ते सगळं काढून टाकलं, टॅगसुद्धा.

आणि नोंदींचे तीन ढीग केले. मी लिहिलेलं, मी मुद्दाम ठेवलेलं, आणि मी नुसतं बघितलेलं. पहिले दोन यादीत दिसतात. तिसरा एरवी दिसतच नाही, पण एखादी नोंद उघडली की तिच्या उजव्या बाजूला, ती लिहिण्याच्या आधीच्या तासाभरात मी काय वाचत होते, काय शोधत होते ते बारीक अक्षरात येतं. ही कल्पना माझ्यासाठी सगळ्यात मोलाची ठरली. नोंदीत दोनच ओळी असतात, ‘हे वापरू नये, अर्थ बदलतो’, आणि ‘हे’ म्हणजे काय ते आज कळत नाही. पण शेजारी त्या तासातले सहा सर्च दिसले की डोक्यात ती संध्याकाळ उभी राहते.

ठेवलेल्या लिंकांमध्ये एकच रकाना नवीन घातला, ‘कशासाठी?’ एक ओळ लिहिल्याशिवाय लिंक आत जातच नाही. पहिल्या आठवड्यात कंटाळा आला, पण फरक लगेच दिसला, कारण ओळ सुचली नाही तर ती लिंक मुळात ठेवायचीच नव्हती हे तिथेच कळतं. पूर्वी महिन्याला शंभरेक लिंका जमायच्या, आता वीस-पंचवीस.

जुन्या लिंकांचं काय झालं तेही सांगते. एकच पान तीन तीनदा होतं, कारण पत्त्याच्या शेवटी ट्रॅकिंगची, म्हणजे वाचक कुठून आला ते टिपणारी, शेपटी वेगवेगळी. ती कापली, मोबाइलचे पत्ते मूळ पत्त्यांशी जुळवले, ४,२६० च्या ३,८७० झाल्या. मग एक एक उघडतात का बघितलं, दोन विनंत्यांमध्ये काही सेकंद थांबून, कोणाच्या साइटवर भार नको म्हणून, त्यामुळे हे दोन रात्री चाललं. ११२० मेलेल्या. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये म्हटलं होतं की २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी सापडत नाहीत, ते वाचलं तेव्हा नुसता आकडा होता, इथे स्वतःची पानं गेलेली बघताना वेगळंच वाटलं. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहातून त्यातली साडेसहाशेच्या आसपास परत मिळाली. आणि हो, पान उघडतंय म्हणजे जिवंत आहे असं समजू नका, कित्येक पत्ते आता मुकाट्याने साइटच्या मुख्य पानावर नेऊन सोडतात. आता मी महत्त्वाचं पान सिंगलफाइल या ब्राउझरच्या एक्स्टेन्शनने अख्खं एका फाइलमध्ये उतरवून घेते.

ऑक्टोबरमध्ये शोध बसवला. एसक्यूलाइटमध्ये एफटीएस-५ नावाची मजकूर शोधायची सोय आहे, ती लावली आणि पहिलाच शब्द टाकला, अर्थात ‘संमती’. आलं काय? ‘सुमती’ शब्द असलेलं एक भजन, ‘संमत’ शब्द असलेला एक ठराव आणि इतर बरंच. माझ्या नोंदींसाठी केलेला शोध मराठीच वाचत नव्हता. बराच वेळ समजेना. मग डॉक्युमेंटेशन नीट वाचलं, तिथे लिहिलेलंच आहे की शब्द तोडताना नेहमीच्या सेटिंगमध्ये अक्षरं आणि अंक एवढेच शब्दाचा भाग धरले जातात. आपल्या काना-मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात) ‘अक्षर’ नसून ‘चिन्ह’ या गटात येतात, म्हणजे त्यांच्याजवळ शब्द तुटतो. ‘संमती’चे दोन तुकडे होतात, ‘स’ आणि ‘मत’. ‘सुमती’चेही तेच दोन. मग शोधाला दोन्ही एकच! सेटिंगमध्ये अक्षर-अंकांबरोबर चिन्हांचे दोन गट जोडले की शब्द अख्खे राहतात. मराठीत कोणी असं काही बनवत असेल तर हे पहिल्या दिवशी करा, माझे पाच दिवस गेले.

त्यावर थोडं अजून. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यातला र दोन पद्धतीने टाइप होतो, दिसायला एकसारखा आणि आत वेगळा, कारण जुन्या पद्धतीत मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं. ‘ॲप’चंही तसंच, ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीचं लिखाण वेगळ्या जोडणीचं आहे, कोणी ‘ऍप’ही लिहितं. आकडे कधी देवनागरी, कधी रोमन. मी एक छोटा तक्ता केला, साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे सगळं एकाच रूपात आणायचं. मूळ मजकूर मात्र जसाच्या तसा ठेवते, बदललेलं रूप फक्त शोधासाठी.

हे झाल्यावर पुन्हा ‘संमती’ टाकलं. १९ ऑक्टोबर, रविवार, दुपार. वरून दुसरी नोंद. “संमती – समोरचा स्वतःहून देतो, नाही म्हणायची मोकळीक असते. परवानगी – देणाऱ्याकडे अधिकार असतो, मागणारा खाली. रुग्ण डॉक्टरला संमती देतो, परवानगी नाही.” ती ना नोट्समध्ये होती ना मेलमध्ये, एका लिंकेला जोडलेल्या शेऱ्यात होती, त्या बटण नसलेल्या छोट्या सेवेकडून आलेल्या सीएसव्हीत. दोन स्मरणपत्रं पाठवली नसती तर गेलीच होती. शेजारी बारीक अक्षरात त्या दिवशीचे सर्चही होते. मी खूप वेळ नुसती बघत बसले.

सकाळचं पान नोव्हेंबरमध्ये झालं. रोज पाचच गोष्टी, याच तारखेच्या मागच्या वर्षांतल्या दोन, वर्षभरात उघडलेल्या नाहीत अशातल्या दोन, आणि एक कुठलीही. प्रत्येकीखाली ‘राहू दे’, ‘भर घाल’, ‘काढून टाक’. आधी वीस ठेवल्या होत्या, चौथ्या दिवशी बघणं बंद झालं. पाच होतात.

त्या पानावर एका सकाळी बाबांच्या आजारपणातली माझीच एक नोंद आली, औषधांच्या वेळा, बाजूला रात्रीचे सर्च. काहीही कल्पना नसताना. तो दिवस कामाचा राहिला नाही. ती नोंद पुसायची नव्हती, पण अशी न विचारता समोरही यायला नको होती. म्हणून ‘सध्या नको’ असं चौथं बटण केलं आणि काही तारखांचा पट्टाच बाजूला ठेवला. शोधल्या तर त्या नोंदी मिळतात, आपणहून येत नाहीत. तुमच्याही आयुष्यात असे महिने असतील, तर ‘याच दिवशी’सारखं काही चालू करण्याआधी ते पट्टे टाकून घ्या.

दुसऱ्यांचं बोलणंही मी आत घेतलं नाही. व्हॉट्सॲपमधून फक्त स्वतःशी केलेलं चॅट आणलं, ग्रुप एकही नाही. लोकांनी ते मला बोलताना लिहिलं होतं, माझ्या डेटाबेससाठी नाही. सगळी फाइल एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर आहे, तीन प्रती, एक घराबाहेर. एवढं सगळं एकाच जागी आलं की ते चुकीच्या हातात जाण्याचा धोकाही एकाच जागी येतो, त्यामुळे ही पायरी शेवटी ठेवू नका, मी ऑगस्टमध्येच केली होती.

वेळ म्हणाल तर डिसेंबरपर्यंत साधारण नव्वद तास, बहुतेक शनिवार-रविवार. वेगळे पैसे कशालाच लागले नाहीत, जुनी डिस्क होती. रोमन लिपीत टाइप केलेल्या जुन्या मराठी नोंदी अजून देवनागरी शोधात येत नाहीत, एकच शब्द मी चार स्पेलिंगने लिहिलाय, त्याचं काम चालू आहे. टेकआउट आता दर दोन महिन्यांनी आपोआप येईल असं लावलंय, वर्षभर येतं, मग पुन्हा लावावं लागतं. बाकीच्या आठ ठिकाणांचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवलाय, पुढची तारीख १ एप्रिल, आणि समोर मोठ्या अक्षरात ‘त्याच दिवशी उतरवणे’.